सार्वजनिक फुकट वायफाय: नक्की वापरतं कोण?

कल्याणकर_मी (सोमवार, रात्री ९:४२)

मंडळी, आमच्या प्रभागात एका इच्छुक उमेदवाराचं पत्रक आलंय. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो आणि आश्वासनांच्या यादीत पहिल्या नंबरावर "प्रत्येक उद्यानात मोफत वायफाय". पाणी तिसऱ्या नंबरावर. त्या क्रमावरून घरात बराच हशा झाला, पण नंतर खरंच प्रश्न पडला, म्हणून हा धागा.

२०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांचं वायफाय सुरू झालं तेव्हा काय अप्रूप होतं! गाडी पकडायची नसलेली पोरंसुद्धा फलाटावर ठाण मांडून बसायची. पुढच्या जानेवारीत राज्य सरकारनं 'आपले सरकार मुंबई वायफाय' आणलं. सुरुवातीला ५०० ठिकाणं, आणि १ मे २०१७ पर्यंत १२०० करू अशी घोषणा. पण या दोन जानेवारींच्या मधे ५ सप्टेंबर २०१६ येऊन गेला होता. जिओ. गुगलनं २०२० च्या फेब्रुवारीत सांगूनच टाकलं की भारतात मोबाइल डेटा आता इतका स्वस्त आहे की लोकांना आमच्याशिवाय चालतं. चारशेहून जास्त स्टेशनांवरून त्यांनी अंग काढून घेतलं.

माझं मत विचाराल तर आता महापालिकेनं करदात्यांच्या पैशातून वायफायचे खांब उभारणं ही उधळपट्टी आहे. ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्याकडे डेटापण आहे. पण माझा अनुभव म्हणजे सगळ्यांचा नव्हे. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कुणी सार्वजनिक फुकट वायफाय वापरलंय का? कुठे आणि कशासाठी?

खडूस_काका (सोमवार, रात्री ९:५८)

वापरलंय की. विमानतळावर. दोनशे रुपयांचा समोसा खाल्ल्यावर काहीतरी फुकट मिळाल्याचं समाधान नको का?

रानजाई (सोमवार, रात्री १०:०५)

मी नाही वापरत. भीती वाटते. बँकेचे मेसेज येतात ना, सार्वजनिक वायफायवर व्यवहार करू नका म्हणून.

अभ्यासिका_क्रमांक_४ (सोमवार, रात्री ११:३१)

धागाकर्ते, "ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्याकडे डेटापण आहे" हे वाक्य जरा परत वाचा.

मी पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससी करतोय. आमच्या खोलीत चौघे. रोजचा दीड जीबी म्हणजे ऐकायला भरपूर वाटतो. सकाळी राज्यशास्त्राचं एक लेक्चर बघितलं, चालू घडामोडींच्या पीडीएफ उतरवल्या, टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा टाकला, की दुपारच्या जेवणाआधी "तुमचा ९०% डेटा संपला आहे" हजर. मग दिवसभर स्पीड इतका पडतो की व्हॉट्सॲपचा फोटोही गोल गोल फिरत राहतो. २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्यातल्या एकानं मेसचा रात्रीचा डबा बंद केला. वाढ महिन्याला थोड्याच रुपयांची होती, पण घरून येणारे पैसे मोजून येतात.

आमची अभ्यासिका निवडताना पोरं दोनच गोष्टी विचारतात, एसी आहे का आणि वायफाय चालतं का. 'आहे का' विचारत नाहीत, 'चालतं का' विचारतात. चालणारं वायफाय असलेल्या अभ्यासिकेची फी जास्त, म्हणजे शेवटी पैसे आम्हीच भरतो.

आणि एर्नाकुलम स्टेशनवरच्या हमालाची बातमी विसरलात का? २०१८ ची. डोक्यावर सामान, कानात हेडफोन, स्टेशनच्या फुकट वायफायवर लेक्चरं ऐकून तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला होता. आमच्याकडे ती बातमी भिंतीवर चिकटवलेली आहे. तुमच्या भाषेत तो रेल्वेच्या उधळपट्टीचा लाभार्थी.

कल्याणकर_मी (सोमवार, रात्री ११:५०)

@अभ्यासिका_क्रमांक_४, मान्य. पण मग तुमचा मुद्दा सार्वजनिक ग्रंथालयात वायफाय द्या असा होतो. बागेत कशाला? बागेत कुणी राज्यशास्त्र वाचत नाही. आमच्या बागेत तर दिवेसुद्धा साडेआठला बंद करतात.

अभ्यासिका_क्रमांक_४ (मंगळवार, रात्री १२:०४)

ग्रंथालय सहाला बंद होतं, दादा.

राउटरताई_नाशिक (मंगळवार, सकाळी ८:१५)

या विषयात माझं पोट आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी नेटवर्कच्या कंत्राटी कामात आहे आणि एका शहराचं (नाव सांगणार नाही, अजून बिलं निघायचीत) सार्वजनिक वायफाय उभारताना त्या टीममध्ये होते.

लोकांना वाटतं वायफाय म्हणजे तो खांबावरचा पांढरा डबा. खर्चाच्या हिशेबात डबा ही सगळ्यात किरकोळ बाब. खरा खर्च त्या डब्यापर्यंत इंटरनेट आणायचा. त्यासाठी रस्ता खोदून फायबर टाकायचं, खोदायची परवानगी काढायची, पुन्हा डांबर टाकायचे पैसे भरायचे. मग सहा महिन्यांनी ड्रेनेजवाले तोच रस्ता खोदतात आणि फायबर तुटतं. टाकीला नळ कितीही लावा, वर येणारा पाइप अर्धा इंची असेल तर काय होणार? फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. कांड्या तुमच्या आणि डब्याच्या मधल्या अंतरावर ठरतात. डब्याच्या पलीकडे काय आहे ते त्या सांगत नाहीत.

दुसरी भानगड हवेतली. जुने आणि स्वस्त फोन २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावर चालतात. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. बाजारपेठेत प्रत्येक दुकानाचा राउटर, वरच्या मजल्यावरच्या घरांचे राउटर, सगळे त्याच तिघांत घुसलेले. आपण त्यात चौथा गोंगाट घालतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. निविदेत "अमुक इतके हॉटस्पॉट बसवणे" असं कलम होतं. बसवले. फोटो काढले, उद्घाटन झालं, नारळ फुटला. "चालू ठेवणे" हे कलम ठरावीक मुदतीचं होतं. मुदत संपल्यावर विजेचं बिल कोणत्या खात्यातून भरायचं यावर दोन विभागांत पत्रव्यवहार सुरू झाला, तो माझ्या माहितीप्रमाणे अजून चालू आहे. डबे खांबांवरच आहेत. एकात पाखरांनी घरटं केलंय.

तेव्हा धागाकर्त्यांच्या उधळपट्टीच्या मुद्द्याला माझा अर्धा पाठिंबा. पैसा वायफायवर वाया गेला नाही, वायफाय चालू न ठेवण्यानं वाया गेला.

खडूस_काका (मंगळवार, सकाळी ९:०२)

ताई, घरटं पाखरांना मोफत मिळालं, तेही ओटीपीशिवाय. योजना यशस्वी.

बाकी पुणेकरांना नवीन काही सांगू नका. वीस वर्षांपूर्वी 'अनवायर पुणे' म्हणून प्रकल्प आला होता, सल्लागार म्हणून इंटेल वगैरे मंडळी होती, आणि पुणं देशातलं पहिलं बिनतारी शहर होणार होतं. मी तेव्हा नवा लॅपटॉप घेतला होता, कमला नेहरू पार्कात बसून मेल बघायचं स्वप्न होतं. लॅपटॉप भंगारात गेला. मेल घरीच बघतो.

विंचुर्णीकर (मंगळवार, सकाळी ९:२०)

काका, पुणं झालंच की बिनतारी. लँडलाइनची तार गेली, केबलची गेली. उरलेली गणपतीच्या मिरवणुकीत रथाला अडकते.

सानपाडेकर (मंगळवार, सकाळी ११:४७)

ओटीपीचा विषय निघालाय म्हणून. हा ओटीपी आपल्या गळ्यात का पडला हे नव्या पिढीला ठाऊक नसेल.

२००८ च्या जुलैत अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो थेट आमच्या सानपाड्यात. एका परदेशी रहिवाशाच्या घरचं वायफाय उघडं होतं, पासवर्ड नव्हता, आणि बाहेरच्या कुणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. त्यानंतरच्या महिन्यांत आणखी ईमेल आले, एक माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून, एक चेंबूरहून. तोवर आमच्या सोसायटीत घरच्या राउटरला पासवर्ड लावणं म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखं मानलं जायचं. त्या आठवड्यात पोलिस येऊन गेले आणि एका संध्याकाळी अख्ख्या इमारतीचे राउटर कुलूपबंद झाले. कुणाला पासवर्ड लावता येत नव्हता, तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा घरोघरी जाऊन लावून देत होता आणि प्रत्येक घरी त्याला चहा मिळत होता.

पुढे २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाचा आदेश निघाला. सार्वजनिक वायफाय देणाऱ्यानं वापरणाऱ्याची ओळख ठेवलीच पाहिजे, ओळखपत्राची प्रत घेऊन नाहीतर मोबाइलवर पासवर्ड पाठवून. आज कॉफीच्या दुकानात तुम्ही नंबर टाकता, ओटीपीची वाट बघता, त्याचं मूळ हे आहे. आपल्याकडे खऱ्या अर्थानं उघडं सार्वजनिक वायफाय त्यानंतर राहिलंच नाही.

जर्सीची_माहेरवाशीण (मंगळवार, संध्याकाळी ६:३३)

सानपाडेकर, माहिती छान, पण त्या ओटीपीनं माझा जीव काढलाय. मी भारतात उतरते तेव्हा भारतीय सिम नसतं. फुकट वायफाय हवं असतं ते नेमकं सिम मिळेपर्यंत! आणि ते मागतं भारतीय नंबर. म्हणजे ज्याच्याकडे नंबर आणि डेटा आहे त्यालाच फुकट डेटा. शेवटी दर वेळी एखाद्या काकूंना "जरा तुमचा नंबर टाकू का" म्हणून विनवते. काकू आधी संशयानं बघतात, मग माहेर कुठलं विचारतात, मग ओटीपी सांगतात. ओटीपी कुणाला सांगू नका असं सरकार म्हणतं ते असो.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाबद्दल: न्यूयॉर्कनं जुने टेलिफोन बूथ काढून तिथे 'लिंक एनवायसी'चे उंच खांब लावले, २०१६ च्या जानेवारीपासून. फुकट आणि चांगलं वेगवान वायफाय, फोन चार्जिंग, देशभरात फुकट कॉल. खर्च निघायचा तो खांबाच्या दोन्ही बाजूंच्या जाहिरातींच्या पडद्यांवरून. खांबाला एक टॅब्लेटही होता, इंटरनेट बघायला. लोकांनी खुर्च्या, खोकी आणून त्याच्यासमोर मुक्काम ठोकले आणि नको ते चित्रपट भर फुटपाथवर बघायला लागले. सप्टेंबरमध्ये टॅब्लेटवरचं ब्राउझर बंद करावं लागलं. वायफाय राहिलं. तेव्हा "आपल्याकडेच लोक गैरवापर करतात" असं कुणी लिहायच्या आत हे सांगून ठेवते.

बर्लिनचा_बंड्या (मंगळवार, रात्री ८:१०)

जर्मनीत उलटी कथा. हा प्रगत देश, पण कित्येक वर्षं इथे कॅफेत वायफाय मागितलं की मालक कानाला हात लावायचा. कारण इथला कायदा. तुमच्या वायफायवरून कुणी चोरून गाणं उतरवलं तर वकिलाची नोटीस तुम्हाला. २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं घरच्या वायफायला नीट पासवर्ड न लावणारा मालकही जबाबदार धरला, आणि त्या भीतीनं दुकानदारांनी राउटर बंद केले. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे मोकळा श्वास मिळाला.

मधल्या काळात तोडगा काढला तो लोकांनीच. 'फ्रायफुंक' नावाची चळवळ आहे, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. स्वयंसेवक आपापल्या घरचं थोडं इंटरनेट शेजारपाजाऱ्यांना, रस्त्यावरच्यांना वाटून देतात. राउटरमध्ये त्यांचं सॉफ्टवेअर टाकायचं, खिडकीत ठेवायचा, राउटर एकमेकांशी बोलतात. २०१५ मध्ये सीरियातून निर्वासित आले तेव्हा अनेक छावण्यांत पहिलं इंटरनेट या लोकांनी पोचवलं. महापालिका नाही, कंपनी नाही, निविदा नाही.

राउटरताई_नाशिक (मंगळवार, रात्री ८:२६)

@बंड्या, आमच्याकडे खिडकीत राउटर ठेवून अनोळखी माणसाला नेट दिलं तर सानपाडेकरांच्या गोष्टीतले पोलिस येतील. पण कल्पना आवडली.

ठेचा_भाकर (मंगळवार, रात्री १०:४४)

तुमचं पुन्या-मुंबई-बर्लिनचं चालू द्या बाप्पा. आमच्या मेळघाटातलं हरिसाल आठवते काय कोणाले? २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्ट आली होती, टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट आणलं होतं, डोंगरात तार टाकता येत नाही म्हणून. तंत्र म्हणून एक नंबर गोष्ट. पुढे २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी सभेत तिथला व्हिडिओ लावला अन् गाव दुसऱ्यांदा गाजलं.

विंचुर्णीकर (मंगळवार, रात्री १०:५१)

लाव रे तो व्हिडिओ! लावला असता, पण बफरिंग होतंय.

स्पष्टवक्ता_७७ (मंगळवार, रात्री ११:१५)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ठेचा_भाकर (मंगळवार, रात्री ११:२२)

प्रकाटाआ

संपादक (बुधवार, सकाळी ७:३०)

दोन प्रतिसाद काढले आहेत. पक्षीय राजकारणासाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडावे. इथे वायफाय.

रानजाई (बुधवार, सकाळी १०:१०)

माझ्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. धोका असतो की नसतो?

राउटरताई_नाशिक (बुधवार, सकाळी १०:४८)

असतो, पण ज्याची भीती घातली जाते तो आता बराच कमी झालाय. दहा-बारा वर्षांपूर्वी बऱ्याच साइट्सवर तुमचा मजकूर हवेतून उघडा जायचा, शेजारच्या टेबलावरचा कुणीही वाचू शकायचा. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद होऊन जातं, बँकेचं ॲप स्वतःचं कुलूप लावूनच बोलतं. मधल्या माणसाला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं दिसू शकतं, आत काय केलंत ते नाही.

खरी फसवणूक नावात होते. वायफायचं नाव काहीही ठेवता येतं. मी माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला "स्टेशन फ्री वायफाय" नाव दिलं तर अडवणारं कुणी नाही. लोक जोडतात, समोर लॉगिनचं पान येतं, त्यावर कार्डाचा नंबर नाहीतर ईमेलचा पासवर्ड मागितलेला असतो, आणि लोक देतात. तेव्हा लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपीपलीकडे काही मागितलं तर बाहेर पडा. "हे प्रमाणपत्र इन्स्टॉल करा" म्हणालं तर पळा. फोनमधलं 'आपोआप जोडा' बंद ठेवा. पैशाचा व्यवहार असेल तर दोन मिनिटं मोबाइल डेटा चालू करा, त्याला फार डेटा लागत नाही.

रानजाई (बुधवार, सकाळी ११:०२)

धन्यवाद ताई. हे आईला वाचून दाखवते, ती मला दाखवत असते ते मेसेज.

चाकण_किराणा (बुधवार, रात्री ११:५५)

दुकान बंद करून लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी. इतका वेळ सगळे महापालिका आणि कंपन्यांबद्दल बोलताय. आमच्यासारख्या दुकानदारांनी वायफाय द्यायची योजना आहे, पीएम-वाणी. २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली. पूर्वी एसटीडी-पीसीओचे पिवळे बूथ होते ना, तसंच. दुकानदार ब्रॉडबँड घेणार, योजनेत बसणारा राउटर लावणार आणि गिऱ्हाइकाला पाच-दहा रुपयांची कुपनं विकणार. दुकानदाराला लायसन्स नाही, फी नाही. हिशेब आणि ओळख पटवायचं काम वरची एक कंपनी बघते, तिच्याशी करार करायचा. गिऱ्हाईक एकदा ॲपवर ओळख पटवतो, मग देशात कुठल्याही वाणी राउटरला जोडता येतं.

माझं दुकान एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत. गिऱ्हाईक बिहार, ओडिशा, मराठवाडा. एका खोलीत सहा-सात जण, पाळीनं झोपतात. रिचार्ज महिन्याचा करत नाहीत, कारण ठेकेदार पगार कधी देईल सांगता येत नाही. त्यांना दहा रुपयांचं कुपन परवडतं. रात्री नऊ ते अकरा माझ्या ओट्यावर गर्दी असते. सगळे घरी व्हिडिओ कॉल करतात. एक पोरगा ओडिशातल्या बायकोला रोज बाळाला कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो आणि मग आजूबाजूचे सगळेच त्या बाळाशी बोलतात. आता मलाही ते बाळ ओळखतं.

कमाई विचाराल तर वायफायवर फार नाही. पण कॉल करायला आलेला माणूस बिस्किटचा पुडा घेतो, साबण घेतो. माझा नफा तिथे.

अडचण आली ती लाइन घेताना. घरगुती ब्रॉडबँड घ्यायला गेलो तर कंपनीचा माणूस म्हणाला, तुम्ही पुढे विकणार, मग व्यापारी लाइन घ्या. व्यापारी लाइनचा भाव ऐकून मी खुर्चीतच बसलो. शेवटी एका स्थानिक केबलवाल्यानं तोडगा काढला. आता २०२५ च्या जूनमध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नियम केलाय, २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबरचे प्लॅन आम्हाला द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. हे पाच वर्षांपूर्वी झालं असतं तर गल्लीगल्लीत वाणी दिसलं असतं.

तेव्हा कल्याणकर साहेब, फुकट नको. स्वस्त द्या आणि जवळ द्या.

अभ्यासिका_क्रमांक_४ (गुरुवार, रात्री १२:१२)

अख्ख्या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. दादा, नवी पेठेत शाखा काढा.

कल्याणकर_मी (गुरुवार, सकाळी ९:१४)

@चाकण_किराणा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. या योजनेबद्दल मी फक्त आकडे वाचले होते. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. २०२४ संपेपर्यंत वाणीचे झाले अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरातले अडीच. आकडे बघून मी योजना मोडीत काढली होती.

तरी स्वस्त आणि फुकट यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. रेल्वेनंही शेवटी तेच केलं. रेलटेलनं २०२१ मध्ये पहिली तीस मिनिटं फुकट ठेवली, तीही १ एमबीपीएसनं, आणि पुढे दिवसाला १० रुपयांत ५ जीबीसारखे प्लॅन आणले.

मुक्कामपोस्ट_दिल्ली (गुरुवार, दुपारी १:४०)

फुकट ते फुकटच हो. २०१९ च्या डिसेंबरात इथल्या सरकारनं ११,००० हॉटस्पॉटची योजना काढली होती, माणशी महिन्याला १५ जीबी, बरेचसे बसस्टॉपवर. मे महिन्याच्या उन्हात बसस्टॉपवर उभं राहून १५ जीबी संपवणारा माणूस मला अजून भेटायचाय. हलके घ्या.

त्यापेक्षा केरळची कल्पना बरी. के-फॉनमध्ये २० लाख गरीब कुटुंबांना घरातच फुकट जोडणी द्यायचं ठरवलं. तिथेही गाडी रखडतच चाललीय, पण निदान अभ्यासाला पोरगं बसस्टॉपवर जायला नको.

पर्वरीची_पोर (गुरुवार, दुपारी २:०५)

आमच्या गोव्यात सरकारनं २०१६ च्या शेवटाक तरुणांना चक्क सिमकार्डंच वाटली होती, दर महिन्याला फुकट डेटा घालून. कॉलेजात लांब रांग लागलेली. निवडणूक जवळ होती हे सांगायला नकोच.

संपादक (गुरुवार, दुपारी २:११)

😐

पर्वरीची_पोर (गुरुवार, दुपारी २:१३)

पक्षाचं नाव घेतलं नाही हां मी!

विंचुर्णीकर (गुरुवार, दुपारी ३:३०)

अवांतर: एसटीत मधे वायफाय लागलं होतं ते कुणी वापरलं का? त्यात इंटरनेट नव्हतंच, डब्यात आधीच भरलेले मराठी-हिंदी चित्रपट फोनवर बघता यायचे. कल्पना फक्कड होती. आमच्या गाडीतले एक आजोबा मात्र कंडक्टरला सातारा येईपर्यंत विचारत होते, "मग यावर पेपर कसा दिसंना?"

वाकडची_वहिनी (गुरुवार, रात्री ९:२५)

हा धागा वाचून २०२० ची आठवण आली. शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींच्या दोन मुलींत एकच फोन होता, तोही मावशींचा, आणि त्या कामावर येताना घेऊन यायच्या. मुली मग आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसच्या पायरीवर बसायला लागल्या, तिथे सोसायटीचं वायफाय पकडतं. मी एक जुना फोन दिला.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत वाद. "पासवर्ड बाहेर गेला कसा?" "मेंटेनन्स आम्ही भरतो." "आज दोन मुली, उद्या सगळी वस्ती येईल." कोविडचं कारण तर हाताशी होतंच. सभेत ठराव मांडला गेला की पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क काढावं, सकाळी आठ ते एक, वेगाला मर्यादा घालून. तीन मतांनी पास झाला. विरोधात मत देणाऱ्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते मला अजून कळलेलं नाही. ते नेटवर्क आजही चालू आहे. आता सुरक्षारक्षक आणि पार्सलवाली मुलं वापरतात, आणि वेगाबद्दल आमच्यापैकी कुणाचीच तक्रार आलेली नाही.

स्पष्टवक्ता_७७ (गुरुवार, रात्री १०:०२)

वहिनी, भावना समजल्या, पण सानपाडेकरांनी लिहिलंय ते लक्षात घ्या. उद्या त्या नेटवर्कवरून काही घडलं तर नोटीस सोसायटीच्या सेक्रेटरीला येणार. फुकट देणं सोपं असतं, जबाबदारी कोण घेणार?

वाकडची_वहिनी (गुरुवार, रात्री १०:२०)

सेक्रेटरी मीच आहे.

खडूस_काका (गुरुवार, रात्री १०:२३)

स्पष्टवक्ते, पाणी प्या.

कल्याणकर_मी (शुक्रवार, सकाळी ८:५०)

मूळ प्रश्नाकडे येतो. इथे दिसतंय ते असं की मला लागत नाही म्हणून कुणालाच लागत नाही हे खरं नाही, पण ज्यांना लागतं ते बागेत फिरायला येत नाहीत. काल ते उमेदवार गृहस्थ दारात आले होते. मी विचारलं, उद्यानाऐवजी ग्रंथालय आणि नाक्यावर, जिथे रोजंदारीचे मजूर उभे राहतात तिथे, देता येईल का? आणि तीन वर्षांनंतर बिल कोण भरणार? दुसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, "साहेब, आधी निवडून तर येऊ द्या."

राउटरताई_नाशिक (शुक्रवार, सकाळी ९:१०)

परत आले तर अजून एक विचारा. पैसे बसवलेल्या डब्यांवर देणार की महिन्यात किती तास डबा चालू होता त्यावर? कंत्राटात हे एकच कलम बदललं तरी पाखरांना दुसरीकडे घर शोधावं लागेल.

ठेचा_भाकर (शुक्रवार, दुपारी १२:३५)

किराणावाले दादा, आमच्या धारणीत माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याले वाणी लावाचं आहे. राउटर कोणता घ्यावा, अन् लाइट गेली का काय करता?

चाकण_किराणा (शुक्रवार, रात्री ११:४०)

@ठेचा_भाकर, राउटर स्वतः आधी घेऊ नका. ज्या कंपनीशी करार कराल तिला विचारून तिच्या यादीतलाच घ्या, नाहीतर जोडला जात नाही. एकापेक्षा जास्त कंपन्या आहेत, कुपनातला वाटा प्रत्येकीचा वेगळा, तो लेखी घ्या. लाइट गेल्यावर राउटर आणि फायबरचा छोटा डबा, दोन्हींना बॅकअप लागतो. नुसत्या राउटरला दिला तर उपयोग नाही. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, दुकानाच्या इन्व्हर्टरवर जोडलं तरी चालतं. धारणीत पाऊस जोरात असतो, तेव्हा डबा पत्र्याबाहेर लावू नका. आणि झेरॉक्सचं दुकान आहे तर पोरं फॉर्म भरायला येतीलच, त्यांना पहिली पंधरा मिनिटं कुपन मागू नका. फॉर्म अर्धवट राहिला की पोरगं दुसऱ्या दुकानात जातं.